नावडत्या युद्धाचे ओझे एकट्या जवानानेच का वाहावे?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले राजूर हे गणपतीचे क्षेत्र. मोरगाव, राजूर व पद्मालय ही गणेशाची तीन पूर्ण पीठे आणि चिंचवड हे अर्धे, अशी महाराष्ट्राच्या गाणपत्य परंपरेची गणना आहे. अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि विदर्भाच्या सीमेवरच्या गावागावांतून भाविक पायी येतात. राजसदन हे या क्षेत्राचे पुराणातले नाव. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती येथेच, अशी श्रद्धा आहे. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात ही गीता समाविष्ट आहे.

कुरुक्षेत्रावरची गीता आणि राजूरची गीता यांचे श्रोते निराळे आहेत, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कुरुक्षेत्रावरची गीता एका योद्ध्याला सांगितली गेली, राजूरची गीता एका राजाला. रणांगणावर शस्त्र खाली ठेवू पाहणाऱ्याला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देणे ही एक गोष्ट झाली. ज्याच्या शब्दावर राज्य चालते त्याला ज्ञानाचा आणि कर्माचा मार्ग समजावून सांगणे ही दुसरी. आपल्या समाजाने पहिली गीता घरोघरी नेली. दुसरीचे नाव राजूर परिसराबाहेर अनेकांनी ऐकलेलेही नसते. सैनिकाने काय करावे, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला युद्धावर धाडणाऱ्याने काय करावे, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

हा विचार आज राजूरसारख्या गावाला जवळचा आहे. भोवतालची शेती बहुतांशी कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन ही मुख्य पिके आणि पावसाचा भरवसा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा किती होरपळला होता, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अशा गावांतील तरुण सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्याच्या कडेने धावतात, तेव्हा त्यांच्या मनात देशप्रेम असते आणि घरची चूलही असते. यात कमीपणा काहीच नाही. पण २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर या तरुणाची सेवा चार वर्षांची झाली आहे आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाणार आहे. सैनिकाचा सेवाकाळ आखूड होत असताना एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो. सैनिक स्वेच्छेने भरती झाला एवढ्याच कारणाने, सरकारने निवडलेल्या आणि समाजाला न पटलेल्या युद्धाचा सगळा भार त्याने एकट्याने वाहावा काय?

शांतिसेनेचा धडा

स्वातंत्र्योत्तर भारताला या प्रश्नाचा कटू अनुभव एकदा येऊन गेला आहे. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्याच एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला. तेथील सिंहली समाजात या कराराविषयी किती रोष होता, याची ती खूण होती. याच सुमारास भारतीय जवान जाफना द्वीपकल्पात उतरू लागले. त्यांना नाव दिले गेले शांतिसेना, आणि काम होते तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे खाली ठेवून घेण्याचे.

अडीच महिन्यांच्या आत या शांतिसेनेला लिट्टेशी उघड युद्ध करावे लागले. ज्यांना काही वर्षांपूर्वी भारतीय यंत्रणांनीच प्रशिक्षण आणि शस्त्रे दिली होती, त्यांच्याच गोळ्या आता भारतीय जवानांच्या छातीत शिरत होत्या. ११ ऑक्टोबर १९८७ च्या मध्यरात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांच्या तुकडीतील २९ जण ठार झाले आणि उरलेला एकटा शत्रूच्या हाती लागला. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला केला. छातीत गोळी लागलेली असताना मेजर परमेश्वरन यांनी समोरच्या अतिरेक्याची रायफल हिसकावून त्यालाच ठार केले आणि प्राण सोडेपर्यंत आपल्या जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मुंबईत जन्मलेला, तमिळ घरातला, महार रेजिमेंटचा हा अधिकारी तमिळ अतिरेक्यांशी लढताना परक्या भूमीवर पडला. भाषा, जात आणि प्रांत यांच्या पलीकडचे भारतीय सैन्य म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

तीन वर्षांत सुमारे बाराशे जवान श्रीलंकेत धारातीर्थी पडले आणि तीन हजारांहून अधिक जखमी झाले. दरम्यान कोलंबोत सत्तापालट झाला. अध्यक्ष प्रेमदास यांनी भारतीय सैन्याने निघून जावे असा धोशा लावला आणि भारतीय सैन्याविरुद्ध वापरण्यासाठी लिट्टेला शस्त्रेही पुरवली. ज्या सरकारच्या निमंत्रणावरून जवान तेथे गेले होते, त्याच देशाचे सरकार आता त्यांच्या शत्रूला दारूगोळा देत होते. दिल्लीतही सरकार बदलले, आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटच्या तुकड्यांनी त्रिंकोमाली सोडले.

परतीचा प्रसंग तर अधिकच लाजिरवाणा होता. मद्रासच्या बंदरात उतरणाऱ्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. शांतिसेनेने तमिळांना मारले, तिचे स्वागत कशासाठी करायचे, ही त्यांची भूमिका होती. देशाच्या एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने देशाच्याच सैन्याकडे पाठ फिरवली. उर्वरित देशानेही त्यावर फारसा आवाज उठवला नाही, ही अधिक चिंतेची गोष्ट. उत्तरेत मंडल आयोगाचे वादळ घोंघावणार होते, काश्मीर पेटले होते. श्रीलंकेचे प्रकरण विसरण्याची सर्वांनाच घाई झाली होती.

शांतिसेनेच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. जाफना रुग्णालयात ऑक्टोबर १९८७ मध्ये रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले. त्या प्रकारासह अनेक गंभीर आरोप या सेनेवर झाले. अशा आरोपांची चौकशी व्हावी आणि दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, याविषयी दुमत असू नये. सैन्याची प्रतिष्ठा त्यानेच राखली जाते. पण काही जणांच्या गुन्ह्याची चौकशी करणे वेगळे आणि फसलेल्या धोरणाचे खापर हजारो जवानांच्या माथी फोडून मोकळे होणे वेगळे. १९९० मध्ये चौकशीही झाली नाही आणि स्वागतही झाले नाही. जवानांच्या वाट्याला आली ती उपेक्षा.

ही उपेक्षा दूर व्हायला फार काळ गेला. दिल्लीतले राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्याआधीच कोलंबोनजीक श्रीलंकेने शांतिसेनेतील भारतीय जवानांचे स्मारक उभारले होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये तेथे पुष्पचक्र वाहिले. ज्या देशाने एकेकाळी 'चालते व्हा' म्हटले, त्याने आपल्या जवानांची नावे दगडावर कोरावीत आणि आपल्या राजधानीत ती त्यानंतर कोरली जावीत, हे दृश्य स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारे नव्हते.

'त्याने सही केली होती'

या उपेक्षेमागे एक युक्तिवाद दडलेला असतो. तो उघडपणे क्वचितच मांडला जातो, पण मध्यमवर्गीय बैठकीच्या खोलीत बऱ्याचदा ऐकू येतो. सैनिकाला कोणी जबरदस्तीने नेले नव्हते. त्याने स्वतःहून सही केली, त्याला पगार मिळतो, निवृत्तिवेतन मिळते, कॅन्टीन मिळते. धोका हा त्याच्या पेशाचा भाग आहे. मग युद्ध लोकप्रिय असो वा नसो, ते लढणे हे त्याचे काम. इतरांनी त्यात हळहळावे कशाला?

या युक्तिवादात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. सैनिक सही करतो हे खरे. पण तो सही कशावर करतो? जमिनीवरून, समुद्रातून वा हवेतून, जेथे आदेश होईल तेथे जाईन आणि जिवाचा धोका असला तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन, अशी शपथ तो घेतो. कोणत्या युद्धात जायचे हे मी ठरवीन, असे त्या शपथेत कोठेही नसते. उलट, ठरवण्याचा आपला अधिकार तो त्या क्षणी देशाच्या स्वाधीन करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार त्याच्या मूलभूत हक्कांवरही संसद मर्यादा घालू शकते. त्याला सभा घेता येत नाही, वृत्तपत्रात मत मांडता येत नाही, आदेश नाकारला तर सैनिकी कायद्याखाली शिक्षा होते. आणि हे असेच असले पाहिजे. कोणते युद्ध न्याय्य आणि कोणते अन्याय्य, याचा निवाडा पलटणी करू लागल्या, तर त्या देशात लोकशाही उरणार नाही. शेजारच्या पाकिस्तानकडे पाहिले तरी हे पुरेसे पटते.

म्हणजे सैनिकाने जाणे हे त्याचे कर्तव्यच आहे. येथवर युक्तिवाद बरोबर आहे. त्याची चूक पुढच्या पायरीवर होते. सैनिकाने निर्णयाचा अधिकार सोडला, तो नाहीसा झाला नाही. तो कोणाच्या तरी हाती गेला. लोकशाहीत तो संसदेच्या, सरकारच्या आणि अखेर ते सरकार निवडून देणाऱ्या मतदाराच्या हाती जातो. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्या माथी उत्तरदायित्व, हा साधा न्याय आहे. सैनिकाने आपला अधिकार ज्याच्या स्वाधीन केला, त्यानेच पुढे 'ते युद्ध मला आवडले नाही' म्हणून हात झटकले, तर त्याला विश्वासघात म्हणावे लागेल. राजूरच्या गीतेतला राजा आज राजवाड्यात राहत नाही. तो मतदान केंद्रासमोरच्या रांगेत उभा असतो. वरेण्याला जे समजून घ्यावे लागले, ते आता त्यालाही समजून घ्यावे लागेल.

भाडोत्री आणि स्वेच्छेचा

पगाराच्या युक्तिवादाला जालना जिल्ह्याच्या मातीतच एक उत्तर आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे इंग्रजांनी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. पण त्याच्या सैन्यातील मोठी संख्या मद्रासकडच्या देशी शिपायांची होती. आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व पोलमन नावाच्या एका जर्मन भाडोत्री अधिकाऱ्याकडे होते. शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनीने युद्धाआधीच आपल्याकडे वळवून घेतले होते. पगारावर उभे केलेले नेतृत्व अधिक पगारावर उठून जाते, हे हिंदवी स्वराज्याच्या वारसांना त्या युद्धात कळून चुकले. तोफा मराठ्यांच्या होत्या, शौर्याला तोटा नव्हता. पण लढणाऱ्याचे आणि ज्यासाठी लढायचे त्या राज्याचे नाते पगाराच्या पलीकडचे उरले नव्हते.

भाडोत्री सैनिक आणि स्वेच्छेचा सैनिक यांत फरक आहे तो हाच. दोघेही सही करतात, दोघेही पगार घेतात. पण भाडोत्री सैनिकाच्या मागे समाज नसतो. अलीकडच्या काळात नोकरीच्या आमिषाने रशियात गेलेले काही भारतीय तरुण युक्रेनच्या आघाडीवर पोचले आणि त्यांतले काही मृत्युमुखी पडले. त्यांच्या सुटकेचा विषय जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांना रशियाच्या अध्यक्षांपुढे काढावा लागला. परक्याच्या युद्धात पगारापुरता मरणारा माणूस कसा एकाकी असतो, याचे ते विदारक चित्र होते. आपल्याच जवानाला 'पगार घेतो ना' असे म्हणणारा समाज नकळत त्याला याच रांगेत नेऊन बसवतो. स्वेच्छेच्या सैनिकाला समाजच भाडोत्री करून टाकतो.

नावडत्या युद्धात लढलेल्या मराठी माणसांची परंपरा मोठी आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारला भारतीय सैनिक हवे होते. लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीला सरसकट विरोध केला नाही; पण सैनिक द्यायचे तर भारतीयांना अधिकारपदे आणि स्वराज्याचा हक्क मिळाला पाहिजे, ही अट घातली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना हा विषय बोलू दिला नाही, तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले. भार उचलायचा असेल तर निर्णयात वाटा हवा, हे तत्त्व लोकमान्यांनी शंभर वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे मांडले होते.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न अधिकच बिकट झाला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता देशाला युद्धात ओढले. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दुसरीकडे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले. युद्ध इंग्रजांचे असले तरी शस्त्रविद्या आपली होईल, हा त्यांचा हिशेब होता. त्यावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. सुमारे २५ लाख भारतीय स्वेच्छेने त्या युद्धात लढले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. ते युद्ध आपले होते की नव्हते, याविषयी देशात मतभेद होते आणि आजही आहेत. पण ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाले श्रीनगरच्या दिशेने येऊ लागले, तेव्हा त्यांना थोपवायला जे सैन्य धावले ते याच अनुभवातून तावून सुलाखून निघालेले होते. नावडत्या युद्धातल्या सैनिकाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

सक्तीची भरती हे उत्तर नव्हे

मग भार सर्वांवर सारखा पडावा म्हणून सक्तीची भरती करावी काय? अमेरिकेत हा वाद झाला. व्हिएतनाम युद्धात तेथे सक्तीची भरती होती. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक त्या युद्धात गेले. पण महाविद्यालयात शिकणाऱ्याला सवलत मिळत होती, ओळखीपाळखीवर सुटकाही होत होती. त्यामुळे सक्ती सर्वांवर असली तरी तिचा खरा भार गरिबाच्या मुलावर पडला. असंतोष पेटला आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. पुढे २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तो स्वेच्छेच्या सैन्याच्या बळावर. तेव्हा चार्ल्स रँगेल या लोकप्रतिनिधीने सक्तीच्या भरतीचे विधेयक मांडले. कोरियाच्या युद्धात लढलेल्या रँगेल यांचा इराक युद्धाला विरोध होता. युद्धाचा ठराव करणाऱ्यांची मुले आघाडीवर असती तर त्यांनी दोनदा विचार केला असता, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००४ मध्ये ते विधेयक ४०२ विरुद्ध २ मतांनी फेटाळले गेले.

रँगेल यांचा प्रश्न बिनतोड होता, उपाय मात्र चुकीचा. भारताला तर त्या उपायाची गरजच नाही. येथे जागांपेक्षा इच्छुकांची संख्या कितीतरी अधिक असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ प्रमाणे सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येते आणि देशाचे रक्षण हे अनुच्छेद ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. तरीही स्वतंत्र भारताने सैन्यात सक्ती कधी आणली नाही. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली, पण १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. मन नसलेल्याच्या हाती बंदूक देऊन पलटण बळकट होत नाही. नावडत्या युद्धात सक्तीने नेलेला सैनिक तर स्वेच्छेच्या सैनिकाहून अधिक दुर्दैवी. एकाचा अन्याय दोघांवर केल्याने न्याय होत नाही.

२००३चा निर्णय

भार वाटून घेण्याचा खरा मार्ग दुसराच आहे आणि भारताने तो एकदा दाखवूनही दिला आहे. इराकवरील हल्ल्यानंतर तेथे बंदोबस्तासाठी भारताने एक संपूर्ण डिव्हिजन पाठवावी, असा अमेरिकेचा आग्रह होता. मोठ्या राष्ट्राची मैत्री, पुनर्बांधणीतली कंत्राटे, जागतिक व्यासपीठावरचे स्थान, अशी आमिषे समोर होती. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने या हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला होता. विरोधी पक्षांचा सैन्य पाठवण्यास विरोध होता. सरकारातही दोन्ही मते होती. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने घाई केली नाही. चर्चा होऊ दिली, वेळ घेतला आणि १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना भारतीय जवान तेथे जाणार नाहीत, असे जगाला सांगितले गेले.

पुढील काही वर्षांत इराकचे जे झाले ते जगाने पाहिले. तो नकार दिला नसता तर राजूर-भोकरदनच्या किंवा सातारा-सांगलीच्या किती घरांत तारा आल्या असत्या, याचा विचारच केलेला बरा. १९८७ आणि २००३ या दोन निर्णयांतला फरक पराक्रमाचा नाही, राज्यकर्त्याच्या विवेकाचा आहे. १९८७ मध्ये लोकसभेत चारशेहून अधिक जागांचे बळ असलेल्या सरकारने करार केला. संसदेत आधी चर्चा नाही, मोहिमेचे स्पष्ट उद्दिष्ट नाही, परतीचा आराखडा नाही. २००३ मध्ये आघाडीचे सरकार होते, पण देशाचे मन जाणून निर्णय झाला. बहुमत किती मोठे यावर शहाणपण अवलंबून नसते.

वाटा कोणाचा, किती?

सैनिकाला जायचेच आहे, हे एकदा मान्य केले की समाजाने आणि शासनाने काय करायचे हेही ठरवावे लागेल. स्वतःच्या सीमेचे रक्षण करताना चर्चेला वेळ नसतो आणि नसावाही. कारगिलमध्ये १९९९ साली शत्रू शिखरांवर बसलेला असताना कोणी संसदेचा ठराव मागितला नाही. पण सैन्य परदेशी भूमीवर दीर्घकाळासाठी पाठवायचे असेल, तर संसदेत आधी चर्चा व्हावी, उद्दिष्ट लेखी स्वरूपात ठेवले जावे आणि ठरावीक मुदतीने त्याचा आढावा घेतला जावा. आजच्या व्यवस्थेत सरकारला संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन नाही. असे बंधन संकेताने वा कायद्याने आले, तर त्यात सैन्याचे हित आहे. आपल्यामागे देश उभा आहे, ही खात्री जवानाला दारूगोळ्याइतकीच लागते.

खर्चाचाही वाटा हवा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लोटलेल्या शरणार्थींसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. रक्कम क्षुल्लक, पण पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यातून त्या संकटाची आठवण होई. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. तो शाळेतल्या मुलांच्या खिशाला कागदी ध्वज टाचण्यापुरता उरू नये. गावचा माजी सैनिक, हुतात्म्याची पत्नी, जखमी होऊन परतलेला जवान यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी आणि त्यांची कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत नेण्याची जबाबदारी गावाने घ्यावी. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांची संख्या येत्या काळात वाढणार आहे. त्यांना रोजगारात सामावून घेताना एमआयडीसीतला कारखानदार, सहकारी संस्था आणि शिक्षणसंस्था मागे राहिल्या, तर 'देश तुमच्या पाठीशी आहे' हे वाक्य पोकळ ठरेल.

सर्वांत अवघड वाटा मध्यमवर्गाचा आहे. धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढले, ते सुशिक्षित घरांतील मुलांनी शस्त्रविद्येकडे वळावे म्हणून. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१चे. मराठी मुले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावीत म्हणून राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. राजूरपासून ती काही दूर नाही, आणि खडकवासल्याची प्रबोधिनी तर महाराष्ट्रातच आहे. साधने घराशेजारी आहेत. कमतरता आहे ती इच्छेची. मुलाला अमेरिकेत पाठवण्याची तयारी आठवीपासून करणारी किती घरे संरक्षण प्रबोधिनीचा अर्ज आणतात? ज्या वर्गातून वृत्तपत्रे लिहिली जातात, धोरणे आखली जातात आणि दूरचित्रवाणीवर युद्धाच्या आरोळ्या ठोकल्या जातात, त्या वर्गाची मुले गणवेशात असली, तर आरोळ्या कमी होतील आणि निर्णय अधिक जबाबदारीचे होतील. रँगेल यांना कायद्याच्या सक्तीने जे साधायचे होते, ते समाजाने संस्काराने साधावे.

शेवटचा वाटा कृतज्ञतेचा, आणि तो बिनशर्त असला पाहिजे. कारगिलच्या हुतात्म्यांची पार्थिवे गावोगावी आली, तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा माणसे उभी राहिली. ते युद्ध सर्वांना आपले वाटत होते. श्रीलंकेत पडलेल्यांच्या वाट्याला ती गर्दी आली नाही, कारण ते युद्ध कोणालाच आपले वाटले नाही. पण गोळी दोघांनाही सारखीच लागली होती. सरकारच्या धोरणावर जेवढी टीका करायची तेवढी खुशाल करावी. तो नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. त्या टीकेचा एक शिंतोडाही बंदरावर उतरणाऱ्या जवानाच्या गणवेशावर उडता कामा नये. येत्या ७ डिसेंबरला गावागावांतून कारगिलच्या नावांबरोबर शांतिसेनेतल्या जवानांचीही नावे घेतली जावीत, आणि त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना मानाने पुढे बोलावले जावे. साडेतीन दशकांपूर्वी राहून गेलेले ते स्वागत आता तरी पूर्ण व्हावे. पुढच्या वेळी कोणत्याही जवानाला त्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागू नये.